पुढची बाटली

माझ्या हातून आयुष्यात काही वाया गेलेलं नाही. कारखान्याच्या कँटीनची कोठी एकोणतीस वर्षं सांभाळली. नवा माल मागे, जुना पुढे, आणि हात आधी पुढच्यावर. दुधाची एक पिशवी नासली तरी मी आचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

लेक बाळंतपणानंतर चष्म्याच्या दुकानात परत कामाला लागली आणि नातू माझ्याकडे आला. जावई बोटीवर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही, म्हणून मायलेकरं माझ्याच घरी राहायची. लेक पंपाने दूध काढून बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि दिवसभर मी ते कोमट करून पाजायचे. पुढची बाटली आधी. कुठली द्यायची हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मला कोण शिकवणार?

पोरगं कसलं गुणी! दूध पोटात गेलं की ढाराढूर. शेजारीण म्हणायची, "रडतो तरी का गं हा?" मी म्हणायचे, "दृष्ट लावू नकोस, माझ्या मांडीचा गुण आहे."

पण ते अंग धरेना. सलग दुसऱ्या महिन्यात वजनाचा काटा तिथेच अडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी लेकीला विचारलं, "तुम्ही काही औषधं घेता? दारू वगैरे?"

माझं डोकंच फिरलं. "अहो, काहीतरीच काय बोलताय!"

"घेते," लेक म्हणाली.

माझ्याकडे न बघता ती बोलत राहिली. "रोज संध्याकाळी. आई बाळाला खाली फिरवायला नेते तेव्हा. दोन पेग, कधी तीन. सोडते म्हणते, पण सुटत नाही."

ओरडावं की पोटाशी धरावं, काही सुचेना. एका छताखाली राहून मला साधा वास येऊ नये? जळलं मेलं माझं लक्ष!

"पण प्यायल्यावर त्याला कधी अंगावर घेतलं नाही," ती रडत डॉक्टरीणबाईंना सांगत होती. "छाती भरून ठणकायची म्हणून दूध काढायचे. लगेच ओतून द्यायला हात धजायचा नाही, हिचीच लेक ना मी. मग सगळ्यात पुढे ठेवायचे, सकाळी टाकायचं म्हणून. सकाळच्या घाईत राहून जायचं. पण संध्याकाळी येऊन बघावं, तर आईने बाटली धुऊन पालथी घातलेली असायची."

तिने माझा हात धरला. "तेव्हाच ओळखलं, हिला सगळं कळलंय. आई, तू एका शब्दाने बोलली नाहीस गं. दुसऱ्या कुणी मला जगू दिलं नसतं."

 

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "आजी, ते दूध तुम्ही टाकून देत होतात ना? नक्की सांगा, त्यावर मला पुढचं ठरवायचंय."

नातू माझ्या खांद्यावर झोपला होता. हलका, नुसतं दुपटं टाकल्यासारखा.

"नाही हो," मी म्हणाले. "सगळं पाजलं. एक थेंब वाया घालवला नाही."

लेकीला कळायला जरा वेळ लागला. मग तिने माझा हात सोडला आणि बाळ माझ्या खांद्यावरून उचलून घेतलं.