पान सहा, तळाशी उजवीकडे

"काढून टाका असं मी म्हणतच नाही," काका म्हणाले. "काढलंत तर लोक म्हणतील, खरं होतं म्हणूनच गपचूप काढलं. मला तो खुलासा पाहिजे. तुमच्याच पेपरात आला होता."

त्यांच्या मुलीने फोन टेबलावर ठेवून आमच्याकडे सरकवला. अ‍ॅप आमचेच होते. वर आज सकाळची ताजी बातमी : जलकेंद्रात क्लोरीन वायुगळती, जीवितहानी नाही. तिच्याखाली आमचे लाडके निळे बटण, 'आधी काय घडलं?' ते दाबले की बातमीचा मागचा इतिहास समोर येतो. कुठल्या साली काय झाले, कोण काय म्हणाले, जुन्या अंकांतल्या कात्रणांसकट. याच बटणासाठी लोक आमचे अ‍ॅप घेतात आणि याच बटणासाठी आम्ही स्वतःची पाठ थोपटून घेतो.

मुलीने बटण दाबले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे कात्रण उघडले. 'पंपचालक झोपला, वस्ती गुदमरली.'

"हा पंपचालक म्हणजे माझे बाबा," ती म्हणाली. "आणि ते झोपले नव्हते."

तो मथळा माझा होता. बातमीही माझीच. खाली नाव नव्हते, 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढेच छापले होते. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. एका अधिकाऱ्याने फोनवर जे सांगितले ते मी जसेच्या तसे उतरवून घेतले होते आणि त्या मथळ्याबद्दल संपादकांनी मला सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती. आता मी त्याच वर्तमानपत्राच्या अ‍ॅपवरच्या मजकुरावर शेवटचा हात फिरवतो. खरे सांगून टाकायची हीच वेळ होती. मी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावला.

"काका, थोडे दिवस द्या," आमची अ‍ॅपप्रमुख म्हणाली. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि दुप्पट चटपटीत आहे. "आम्ही नीट शोधतो."

"दिवस नाहीत हो," काका म्हणाले. "संध्याकाळी सहाला आमच्या वसाहतीची बैठक आहे."

मग मुलीनेच सगळे सांगितले. जलकेंद्रातून निवृत्त झाल्यापासून बारा वर्षे काका वसाहतीचा पंप आणि पाण्याच्या टाक्या सांभाळत होते. कुणी सांगितले म्हणून नव्हे; हाताला दुसरे काही सुचतच नव्हते म्हणून. आज सकाळी गळतीची बातमी आली, कुणीतरी निळे बटण दाबले आणि तासाभरात ते कात्रण वसाहतीतल्या प्रत्येक फोनवर फिरले. नऊ वाजता चिटणीस घरी आले आणि पंपघराची किल्ली मागून घेऊन गेले. बैठकीत ठराव होणार होता.

"कामावर झोपणाऱ्या माणसाच्या हातात आमचं पाणी नको, असं म्हणाले," मुलगी म्हणाली. "बाबांनी किल्ली काढून दिली. दुपारी जेवलेही नाहीत."

"खुलाशाचं कात्रण माझ्या पाकिटात होतं," काका म्हणाले. "घडी घालून घालून घडीवरच फाटलं. मग तुकडे पडले. मला वाटलं, आता काय करायचंय, सगळ्यांना माहीतच आहे."

अ‍ॅपप्रमुखाने संगणकावर शोध घेतला. तारीख टाकून पाहिले, जलकेंद्र टाकून पाहिले, पंपचालक टाकून पाहिले. बातमी हजर होती. खुलासा नव्हता. जुने बांधीव अंक तीन वर्षांपूर्वीच दुसऱ्या गावच्या गोदामात गेले होते. तिथून एक खंड मागवायचा तर आठवडा धरावा लागतो. तिने काकांकडे पाहिले, मग माझ्याकडे. 'छापलाच नसेल' हे तिच्या ओठांवर आलेले मला दिसत होते.

"छापला होता," कोपऱ्यातून आवाज आला. "पान सहा. तळाशी, उजवीकडे."

त्या कात्रीताई. हे अर्थात टोपणनाव, पण खरे नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरलेले मी ऐकलेले नाही. एकतीस वर्षे त्या आमच्या संदर्भ विभागात होत्या. रोज सकाळी अंक पसरायचा, बातम्या कापायच्या, कोऱ्या कागदावर चिकटवायच्या, तारखेचा शिक्का मारायचा आणि विषयाच्या पाकिटात घालायच्या. जलकेंद्राचे पाकीट, पुलांचे पाकीट, शाळांचे पाकीट. बातमी लिहिणारा अडला की पाकीट मागवायचा, आणि कात्रीताई ते नोंदवहीत सही घेऊनच द्यायच्या. संपादक असला तरी सही. एकदा मालकांकडूनही सही घेतली होती. ते हसले होते, या नाही.

सगळी पाकिटे यंत्राने संगणकात घातली गेली आणि संदर्भ विभाग बंद झाला. ताईंना अ‍ॅपच्या खोलीत एक टेबल मिळाले. त्यांना कुणी काही विचारत नसे. मीही विचारत नसे. टेबलाच्या खणात त्यांनी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यावरून आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली होती. म्हणायचो, ताई एकट्याच खातात, कुणाला देत नाहीत.

त्यांनी तो डबा आणून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडले. आत बिस्किटे नव्हती. बोटभर, दोन बोटे रुंदीच्या कागदाच्या चिठ्ठ्या ठासून भरलेल्या होत्या.

"माझ्या पहिल्या वर्षी एक मास्तर वारले," ताई म्हणाल्या. "त्यांच्यावर लिहायचं म्हणून पाकीट मागवलं गेलं. त्यांनी शाळेचं सामान पळवल्याची बातमी त्यात होती. ती खोटी निघाल्याचा खुलासा मी दुसऱ्याच पाकिटात लावला होता. माझीच चूक. दुसऱ्या दिवशी पेपरात मास्तर मेल्यावरही चोर ठरले. त्यांची बायको इथं जिन्यात येऊन बसली होती. काही बोलली नाही, नुसती बसली होती."

त्या दिवसापासून ताईंनी स्वतःचा एक नियम केला. खुलासा आला की तो त्याच बातमीच्या मथळ्यावर चिकटवायचा. तोही फक्त वरच्या कडेने, झापडासारखा. म्हणजे खुलासा वाचून, तो बोटाने उचलल्याशिवाय बातमी वाचताच येणार नाही. आधी खुलासा, मग बातमी. आम्ही वार्ताहर त्या झापडांवर वैतागायचो. घाईत असताना कुणाला आपल्याच चुका आधी वाचायच्या असतात?

"मग ही झापडं संगणकात कशी आली नाहीत?" मुलीने विचारले.

अ‍ॅपप्रमुख डब्यातली एक चिठ्ठी उचलून पाहू लागली. मग म्हणाली, "मी काढायला लावली. कागद यंत्रात भराभर सरकवायचे होते. ही झापडं अडकायची, कागद फाटायचे. मीच म्हटलं, सुटे तुकडे काढून टाका." तिने काकांकडे पाहिले. "मी ते वाचलेसुद्धा नाहीत, काका."

"काढणाऱ्यांनी टोपलीत टाकले होते," ताई म्हणाल्या. "मी उचलून आणले. चारशे बारा आहेत. पाठीमागे पाकिटाचा नंबर आणि तारीख आहे, पेन्सिलीनं. पण लावलेले नाहीत. कसे लावायचे, पाकिटंच राहिली नाहीत."

घड्याळात सव्वाचार झाले होते. आम्ही पाचही जण टेबलाभोवती बसलो आणि डबा मधोमध रिकामा केला. पेन्सिल पुसट झाली होती. प्रत्येक चिठ्ठी उजेडाकडे धरून वाचावी लागत होती. काकांना चष्म्यातूनही दिसेना, तरी ते एकेक चिठ्ठी दोन्ही हातांत धरून पाहत होते. वीस मिनिटांत आम्ही साठ पाहिल्या. या वेगाने सहा वाजून जाणार होते.

ताई काहीच उलटवून पाहत नव्हत्या. नुसत्या ढिगाकडे टक लावून बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "थांबा. पांढऱ्या बघा फक्त."

"पांढऱ्या?"

"त्या वर्षी आपली कागदाची गिरणी संपावर होती. चार महिने बाहेरचा कागद यायचा. महागातला, गुळगुळीत. तो पिवळा पडत नाही."

खरेच की! सगळा ढीग चहाच्या रंगाचा झाला होता आणि त्यात मोजक्या चिठ्ठ्या अजून पांढऱ्या होत्या. ताईंनी त्या चिमटीने वेचल्या. एकोणीस निघाल्या. अकरावी उलटवली आणि त्या थांबल्या. मग ती काकांपुढे ठेवायच्या ऐवजी त्यांनी मोठ्याने वाचली.

"जलकेंद्रातील वायुगळतीच्या वेळी पंपचालक कामावर झोपले होते, असे आम्ही छापले होते. चौकशीत ते खोटे ठरले आहे. झडप नादुरुस्त असल्याचे त्यांनी पूर्वी दोनदा लेखी कळवले होते. गळती सुरू झाल्यावर तोंडाला ओला टॉवेल बांधून आत जाऊन त्यांनीच ती झडप बंद केली. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"ओला टॉवेल," काका म्हणाले. "हो. निळा होता." आणि ते रडायला लागले. मुलगीही रडायला लागली. अ‍ॅपप्रमुखाने टेबलावर अशी जोरात थाप मारली की उरलेल्या चिठ्ठ्या उडाल्या. "सापडला! ताई, सापडला!" मला एवढा आनंद झाला होता की आपण कोण आहोत हेच मी क्षणभर विसरलो.

"मी आत्ता वर चढवते," अ‍ॅपप्रमुख उठत म्हणाली. "बातमीखाली जोडू ना?"

"खाली नाही," ताई म्हणाल्या. "वर. आधी खुलासा, मग बातमी."

"बाई गं, त्याला सगळी रचना बदलावी लागेल."

"बदला."

अ‍ॅपप्रमुखाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि बाह्या वर सारल्या.

काकांना मात्र मूळ कागद हवा होता. फोनवरचे काय, सकाळी एक दिसते आणि दुपारी दुसरे, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "मी घेऊन येतो काकांबरोबर." ताईंनी खणातून जुनी नोंदवही काढली. तीन वर्षांत तिच्यात काही लिहिलेले नव्हते. त्यांनी तारीख घातली, पाकिटाचा नंबर घातला आणि वही माझ्यापुढे सरकवली. शेवटचा रकाना होता, 'कशासाठी'. तिथे आम्ही नेहमी 'संदर्भ' असे खरडत असू.

ताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना पहिल्यापासून माहीत होते. कुठली बातमी कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक नसते तर आणखी कुणाला असते? दिवसभर त्यांनी माझे नाव घेतले नव्हते. मी पेन उचलले आणि त्या रकान्यात लिहिले, 'बातमी माझी होती.' आणि सही केली. ताईंनी ते वाचले, तारखेचा शिक्का मारला आणि चिठ्ठी एका कोऱ्या लिफाफ्यात घालून माझ्या हातात दिली.

"मीपण येते," त्या म्हणाल्या. "कागद परत यायला हवा."

वसाहतीच्या सभागृहात साठ-सत्तर माणसे होती आणि बरीचशी वैतागलेली होती. कारण सकाळपासून किल्ली चिटणिसांकडे होती, आणि त्यांनी पंप चालू करून पाहिला तर तळमजल्यावर पाणी वाहून चालले होते आणि वरच्या दोन मजल्यांवर थेंब नव्हता. तरीही ठराव लिहून तयार होता. काका मागच्या खुर्चीत बसले. चिटणीस वाचायला लागले तेव्हा मी उभा राहिलो.

मी आजवर सभांच्या बातम्या हजार दिल्या असतील, सभेत बोललो कधी नाही. "तुमच्या फोनवर सकाळी जी बातमी आली ती मी लिहिलीय," मी म्हणालो. "अठ्ठावीस वर्षांपूर्वी. मी जलकेंद्रात गेलो नव्हतो. यांना भेटलो नव्हतो. एक फोन केला आणि लिहून टाकलं. ते खोटं होतं." आणि मी लिफाफ्यातून चिठ्ठी काढून वाचली.

कुणीतरी म्हणाले, "कागदावर काय, कुणीही काहीही छापून आणेल."

"मग फोन बघा," काकांची मुलगी म्हणाली. "बटण दाबा."

साठ-सत्तर माणसांनी खिशातून फोन काढले. अ‍ॅपप्रमुखाला जमले असेल ना असे मनात येते तेवढ्यात एका बाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "जलकेंद्रातील वायुगळतीच्या वेळी..." मग दुसरी, मग पलीकडचे आजोबा. पडद्यावर सर्वांत वर तोच खुलासा होता, ठळक अक्षरांत. बोटाने तो वर सरकवल्याशिवाय माझी बातमी दिसत नव्हती. ताईंनी शेजारच्या बाईंच्या फोनमध्ये डोकावून पाहिले, स्वतः बोटाने सरकवून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"टॉवेल बांधून आत गेलात, काका?" एका तरुण आईने विचारले. "आम्हाला कधी सांगितलं नाहीत!"

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले. "झडप बंद करायची होती."

चिटणीस भला माणूस निघाला. ठरावाचा कागद त्याने बाजूला ठेवला. उठून मागच्या खुर्चीपर्यंत गेला आणि किल्ली दोन्ही हातांनी पुढे केली. "वरच्या मजल्यांना पाणी नाहीये, काका," तो म्हणाला. "मला काही जमत नाही ते." सगळे सभागृह हसले आणि मग टाळ्या सुरू झाल्या. काका टाळ्यांसाठी थांबलेच नाहीत. किल्ली घेऊन ते तडक पंपघराकडे गेले. आम्ही मागे गेलो. त्यांनी दोन चाके फिरवली, एक थोडे उलटे घेतले, नळाला कान लावला आणि खटका दाबला. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडले, "आलं! पाणी आलं!"

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा ताईंचे टेबल कोपऱ्यातून खिडकीपाशी आले होते. अ‍ॅपप्रमुख त्यांच्याशेजारी बसून चिठ्ठी कुठे जोडायची ते विचारून घेत होती. मी लिफाफा परत केला. ताईंनी आतली चिठ्ठी तपासली, नोंदवहीत 'परत आली' असे लिहिले आणि डब्यातून पुढची चिठ्ठी काढली. उजेडाकडे धरून वाचली आणि माझ्यापुढे ठेवली.

"हीसुद्धा तुमचीच," त्या म्हणाल्या.

"किती आहेत हो माझ्या?"

"सतरा. बसा."

मी खुर्ची ओढून बसलो.