एकच नोंद

"ज्यांची एकच नोंद आहे ते सगळे काढून टाका," सचिव म्हणाले आणि हातातला चहाचा कप त्यांनी कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

नोंदताईंनी आधी कप उचलून खिडकीत ठेवला. मग विचारलं, "काढून टाका म्हणजे?"

"म्हणजे गाळा. दोन किंवा जास्त असतील तेच लेखक ठेवायचे. ताई, बाइंडर सांगतोय, नऊशे पानांच्या वर शिवण धरत नाही. आपल्या सूचीची झालीत एक हजार चाळीस. दोन खंड काढायला समिती तयार नाही. मग कुठंतरी कात्री लागणारच ना?"

"माझ्या पोटाला लावा," नोंदताई म्हणाल्या. सचिव हसले. त्यांना तो विनोद वाटला.

वाचनालयाच्या तळघरातली ही खोली आणि तिच्यातले चौसष्ट लाकडी खण हा नोंदताईंचा अडतीस वर्षांचा संसार. गेल्या ऐंशी वर्षांत निघालेली मासिकं, वार्षिकं, निवडक कथांचे आणि कवितांचे संग्रह चाळून कोणी काय लिहिलं, ते कुठं छापून आलं, कितव्या पानावर आलं, याची कार्डं त्यांनी केली होती. वरती लेखकाचं नाव, खाली त्याच्या कथा-कविता आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. खूण म्हणजे अंक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. नुसत्या अनुक्रमणिकेवर त्यांचा विश्वास नव्हता. अनुक्रमणिकेत नाव असतं आणि पान उलटलं की तिथं केसांच्या तेलाची जाहिरात असते, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. एकदा एक बडे प्राध्यापक स्वतःची एक जुनी कविता घालून घ्यायला आले होते. अंक हरवलाय, पण माझा शब्द आहे, असं म्हणाले. नोंदताई म्हणाल्या, "शब्द कवितेत ठेवा, इथं अंक लागतो." प्राध्यापक पुढं नऊ वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत. नोंदताई हे नाव वाचनालयाच्या शिपायानं ठेवलं होतं आणि खरं नाव आता पगारपत्रकातसुद्धा शोधावं लागलं असतं.

"किती आहेत एकवाले?" सचिवांनी विचारलं.

"दोन हजार तीनशे चाळीस."

"बघा! आणि कोण असतात हो ते? एक कविता लिहिली आणि गप्प बसले. हौशी लोक."

नोंदताईंना त्या हौशी लोकांपैकी कितीतरी जण माहीत होते. पत्ते शोधत त्या दारोदार फिरल्या होत्या. एक नर्स होती. तिची वीस ओळींची कविता होती, वॉर्डातल्या रिकाम्या झालेल्या खाटेवर. पुढं का लिहिलं नाही म्हणून विचारलं तर म्हणाली, "खाट रिकामी राहिलीच नाही परत." पण हे सचिवांना सांगून काय उपयोग? त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. शुक्रवारपर्यंत प्रुफं छापखान्यात पोचायला हवीत, एवढं बजावून ते जिना चढून गेले. नोंदताई मात्र बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, कारण त्या दोन हजार तीनशे चाळिसांत त्यांचे दादा होते.

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बाविसाव्या वर्षी त्यांनी एक कथा लिहिली, रिकाम्या गोदामाची राखण करणाऱ्या माणसाची. ती एका छोट्या मासिकाच्या चौथ्या वर्षाच्या सातव्या अंकात आली, पान एकतीस ते छत्तीस. संपादकांचं पत्र आलं की दुसरी पाठवा. त्याच महिन्यात वडील गेले. वर्षभर नोकरीसाठी खेटे घालून दादा वजनकाट्यावर कारकून म्हणून लागले आणि छत्तीस वर्षं ट्रक तोलत राहिले. तीन बहिणींची शिक्षणं केली, दोघींची लग्नं लावली. धाकटीनं, म्हणजे नोंदताईंनी, लग्न केलं नाही आणि दादांचं करायचं राहून गेलं. आता दोघं एका घरात होते. दादांची नजर गेली होती. समोर कोणी उभं आहे एवढंच त्यांना कळायचं.

सूचीबद्दल त्यांनी आयुष्यात एकदाच विचारलं होतं, तेही भाजी निवडता निवडता. "मी आहे का गं त्यात?"

"आहेस तर!" त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दादा पुस्तकाची वाट पाहत होते. तसं बोलून दाखवत नसत. पण घरी आलेल्या प्रत्येकाला "हिचं पुस्तक येतंय" म्हणून सांगत आणि मग जरा थांबून, "मोठं आहे, सगळे आहेत त्यात," अशी पुस्ती जोडत.

त्या संध्याकाळी नोंदताई घरी आल्या तेव्हा दादांनी खुर्चीतूनच विचारलं, "काय चिमे, आलं का छापखान्यातून?" सहासष्ट वर्षांच्या नोंदताई या एका माणसासाठी अजून चिमी होत्या.

"येईल. जरा पानं जास्त झालीत."

"मग कमी करा की."

"करतोय," त्या म्हणाल्या आणि हातपाय धुवायला आत गेल्या. नळ सोडून तिथंच उभ्या राहिल्या. दादांना काय सांगायचं? तुला गाळला म्हणून सांगायचं? छत्तीस वर्षं ज्यानं स्वतःला गाळलं, त्याला आणखी एकदा?

पुढचे तीन दिवस त्या प्रुफांवर लाल पेन्सिलीनं रेघा मारत बसल्या. नर्स गेली. एक मोटार मेकॅनिक गेला, त्याची कथा त्यांना अख्खी तोंडपाठ होती. एक सोळा वर्षांची मुलगी गेली. प्रत्येक रेघेबरोबर त्या पुटपुटत, "माफ करा हं." शिपाई दोनदा डोकावून गेला आणि बाईंना बरं नाही असं वरती सांगून आला.

गुरुवारी दुपारी दादांचं पान आलं. पेन्सिल टेकवली आणि पुन्हा उचलली.

दोन नोंदी असत्या तर दादा राहिले असते. फक्त एक हवी होती.

सूचीच्या शेवटी 'अनामिक' म्हणून एक विभाग होता. ज्यांच्याखाली नाव छापलेलं नाही अशा अकराशे कथा-कविता त्यात होत्या. त्यांतली एक त्याच मासिकाच्या पाचव्या वर्षातली, फक्त आठ ओळींची. बुटांना पॉलिश करून एक तरुण कचेरीबाहेरच्या बाकावर बसलाय, आतून हाक येत नाही आणि पॉलिशवर धूळ बसत जाते, एवढीच. त्या वर्षी दादासुद्धा असेच बाकांवर बसून येत होते. घरी आल्यावर बूट पुसायचं काम चिमीकडे होतं. दादांचीच असणार ही, त्यांनी स्वतःला सांगितलं. का नसेल? नाव घालायला लाजले असतील. दादांचा स्वभावच तसा.

असं कोणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर नोंदताईंनी त्याला जिन्यापर्यंत पोचवून दिलं असतं. पण त्यांनी अनामिकातली ती नोंद खोडली, दादांच्या नावाखाली स्वच्छ अक्षरात लिहिली आणि कोपऱ्यात लाल खूण केली. गठ्ठा बांधून शिपायाकडे दिला. घरी निघताना त्यांनी त्या जुन्या अंकाचा बांधीव खंड पिशवीत घातला. दादांना वाचून दाखवला की तेही हो म्हणतील, मग झालं.

"दादा, एक कविता वाचते, ऐक," त्या म्हणाल्या आणि वाचली.

दादा खुर्चीत पुढं सरकले. "परत वाच."

त्यांनी परत वाचली.

"छान आहे गं. धूळ बसते ते फार छान. कोणाची?"

"तुझी."

दादा हसले. "काहीतरीच!"

"आठवत नसेल तुला. पंचावन्न वर्षं झाली. त्या वर्षी तूही असाच बसायचास की नाही?"

"चिमे, त्या बाकावर आम्ही चाळीस जण असायचो," दादा म्हणाले. "माझी नाही ही."

"बघ, नीट आठव."

"लिहिलेलं विसरतं का कोणी? एकच तर लिहिलं. एकच होतं माझ्याकडे, ते सांगून झालं." मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. नजर गेलेली माणसं आवाजावरून पुष्कळ ओळखतात. "काय केलंयस तू?"

नोंदताईंनी सगळं सांगितलं. शिवण, नऊशे पानं, दोन हजार तीनशे चाळीस, सगळं. सांगताना त्यांना लहानपणी खोटी सही करून शाळेत नेलेल्या प्रगतिपुस्तकाची आठवण झाली, तेव्हाही समोर दादाच होते.

दादा ऐकून घेत होते. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "ज्यानं लिहिली त्यानं नाव नाही घातलं. त्याची काही अडचण असेल, संकोच असेल. म्हणून मी माझं घालू?"

"तो काय बघायला येणार आहे, दादा?"

"हे तू म्हणतेस?"

नोंदताईंनी खंड मिटून पिशवीत ठेवला.

"सकाळी जाऊन काढून ये," दादा म्हणाले. "आणि आता वाढ. भूक लागलीय." जेवणात मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. अर्धं ताट तसंच राहिलं आणि नोंदताईंनी मुकाट्यानं उचललं.

छापखान्यात त्या पोचल्या तेव्हा पानं यंत्रावर चढायची होती. मालकांनी गठ्ठा काढून दिला, पण समितीला विचारल्याशिवाय खाडाखोड नको म्हणून सचिवांना फोन लावला. नोंदताईंनी फोनवर सरळ सांगितलं, "मी खोटी नोंद केलीय. माझ्या भावासाठी."

पलीकडून सचिव मनापासून म्हणाले, "अहो ताई, एवढंच ना? राहू द्या की! बिननावाची कविता, कोण येतंय विचारायला? अडतीस वर्षं केलंत, आमच्याकडून भेट समजा."

कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माणूस चांगुलपणानं बोलत होता आणि त्यांच्या अडतीस वर्षांची किंमत त्याला एवढीच कळली होती.

"भेट द्यायला ती कविता तुमची नाही," त्या म्हणाल्या. "माझीही नाही. आणि एक ऐका. तुमच्या त्या हौशी लोकांची एक ओळ घालते प्रस्तावनेत. इतके लेखक होते, त्यांची प्रत्येकी एक नोंद होती, जागेअभावी गाळली. आकडा छापा. तेवढा तरी छापा."

"एका ओळीला शिवण धरेल," सचिव जरा ओशाळून म्हणाले.

नोंदताईंनी कवितेची नोंद अनामिकात परत लिहिली. दादांच्या नावाखाली आता एकच नोंद उरली. त्यांनी पट्टी घेतली, पेन्सिल टेकवली आणि रेघ ओढली. तीन दिवसांत इतक्या रेघा ओढल्या होत्या, पण ही ओढताना डोळे भरून आले आणि कागदावर टिपूस पडलं. छापखान्याचे मालक शाईचे डबे सारखे करायला लागले. ते आधीच सारखे होते.

वाचनालयात गाळलेली कार्डं वेगळी काढून रद्दीसाठी ठेवली होती. नोंदताईंनी शिपायाला दोन मोठ्या पिशव्या आणायला सांगितल्या. "हे घेऊन काय करणार, बाई?" त्यानं विचारलं. "घरी जागा आहे," त्या म्हणाल्या. मावतील तेवढी नेली आणि बाकीची उद्या नेईन म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवली.

संध्याकाळी दादा खुर्चीत वाट पाहत होते. "काढलंस?"

"काढलं."

"ती कविता?"

"ठेवली जिथल्या तिथं."

"बरं झालं." त्यांनी हात पुढं केला, तो पिशवीला लागला. "हे काय आणलंस?"

"तुझ्यासारखे. एकेक नोंदवाले. रद्दीत चालले होते."

दादांनी मूठभर कार्डं हातात घेतली, कडांवरून बोट फिरवलं आणि परत दिली. "वाच," ते म्हणाले. "रोज पेपर वाचतेस, आज हे वाच."

नोंदताई खाली सतरंजीवर बसल्या आणि वाचू लागल्या. नाव, मग शीर्षक, मग अंक, मग पान. 'दोन नंबरची खिडकी', कविता, पान अकरा. 'आमच्या गल्लीतला नळ', कथा, पान चौपन्न ते एकोणसाठ. नर्सची खाट आली तेव्हा दादांनी ती पुन्हा वाचायला लावली. मेकॅनिकची कथा नोंदताईंनी थोडक्यात सांगितली आणि दादा मान हलवत म्हणाले, "वा!" बाहेर शेजारची मुलं आयांच्या हाका ऐकून घरोघर परतली, खोलीत दिवा लागला. दादांना दिव्याचा फरक नव्हता.

मग दादांचं कार्ड आलं. नोंदताईंनी ते इतरांसारखंच वाचलं, त्याच चालीत. नाव. शीर्षक. चौथं वर्ष, अंक सात. पान एकतीस ते छत्तीस. वाचून झाल्यावर त्या थांबल्या. दादांनी काही म्हणावं असं त्यांना वाटत होतं.

दादा हात मांडीवर ठेवून बसले होते, ताठ, मघापासून बसले होते तसेच.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "पुढचा कोण?"