केसाएवढी फट

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर पडून असतो. माझ्यावर धूळ बसते, मांजर बसतं, कुणी चहाचा कपही टेकवतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका माणसाचं. त्याचं नाव माझ्यामुळे गेलं.

पूर्वी मी एका साध्या मोटारीत होतो. माझ्या मालकाला, म्हणजे दादाला, मला शर्यतीचं इंजिन करायचं होतं. गाडी चालवणार होती त्याची धाकटी बहीण, चिमी. नावाचीच चिमी; स्टिअरिंगवर बसली की वाघीण. दादा हौशी माणूस. माहितीपत्रकात जे जे सगळ्यात मोठं, ते ते त्यानं मागवलं आणि खोक्यांचा ढीग घेऊन मास्तरांकडे आला. मास्तर म्हणजे इंजिन बांधणारे जुने कारागीर. बोलणं मोजकं, मोजणं मात्र न संपणारं.

त्यांनी आधी एकच विचारलं, "शर्यत चढाची की सपाटीची?"

"चढाची."

"मग यातली निम्मी खोकी परत कर."

"अहो मास्तर, सगळा एक नंबर माल आहे!"

"मुलगा चांगला, मुलगी चांगली, म्हणून संसार चांगला होतोच असं नाही. एकमेकांशी पटायला लागतं."

चिमी खो खो हसली. दादाचं तोंड एवढंसं झालं.

त्या ढिगातले पिस्टन मात्र मास्तरांनी ठेवून घेतले. ते ठोकून घडवलेले, दणकट होते, पण तापले की नेहमीच्या पिस्टनपेक्षा जास्त फुगणारे. म्हणून मास्तरांनी सिलिंडरमध्ये त्यांच्याभोवती केसाएवढी फट जास्त ठेवली. एकेक माप तीन-तीनदा घेतलं. चिमीच्या हाती किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, "आधी तापू दे, मग पळव." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

थंड असलो की मी खडखडायचो. फट होती ना! पाच मिनिटांत अंगात ऊब आली की आवाज बंद. ती चढाची शर्यत वर्षातून एकदाच व्हायची. पहिली दोन वर्षं आम्हीच जिंकलो. लोक भोवती गोळा व्हायचे आणि खोटं कशाला बोलू, मीही जरा भाव खायचो.

तिसऱ्या वर्षी, शर्यतीच्या दिवशी सकाळच्या गारठ्यात मला सुरू केलं तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "डब्यात खडे भरलेत की काय?" सगळे हसले. दादाला ते झोंबलं. आपली लाज राखायला तो सगळ्यांदेखत बोलून गेला, "काय करणार, मास्तरांचा हात गेला आता. मापं चुकतात त्यांची."

मला ओरडावंसं वाटलं. पण मला खडखडण्यापलीकडे काय येतं? मी जेवढा खडखडलो, तेवढं दादाचं म्हणणं लोकांना पटत गेलं. त्या गर्दीत मास्तरांची चार गिऱ्हाइकं होती. गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही.

ती शर्यत आटोपल्यावर दादानं मला चकचकीत फरशीच्या एका वर्कशॉपमध्ये नेलं. तिथला माणूस कशालाच नाही म्हणत नसे. "दोन दिवसांत गप्प करतो याला," म्हणाला आणि केलंही. पिस्टन तेच ठेवून त्यानं सिलिंडरच्या आत नवे लायनर, म्हणजे अस्तरासारख्या नळ्या, बसवले आणि ती फट बुजवली. वर्षभर गाडी गावात हळूहळू फिरली, तोवर काही कळलं नाही. दादा खूश होता. मी मात्र घाबरून होतो.

पुढच्या शर्यतीत, चौथ्या वळणावर, पिस्टन फुगले. त्यांना जागाच नव्हती. ते जिथल्या तिथे आवळले गेले आणि मी थांबलो तो कायमचा. चिमीनं प्रसंगावधान राखून क्लच दाबला, म्हणून गाडी कठड्यावर गेली नाही. खाली उतरून ती दादाला म्हणाली, "मास्तरांकडे चल. आत्ताच्या आत्ता."

दोर बांधून गाडी मास्तरांच्या दारात नेली. पाटी उतरवलेली होती. हत्यारांच्या फळ्या रिकाम्या होत्या. मास्तरांच्या बायकोनं दार उघडलं. "असतात घरातच," ती म्हणाली. "काम कुठे येतं आता?"

मास्तर बाहेर आले. डिकीतला पाना लावून त्यांनी मला फिरवून पाहिलं. मी हललो नाही.

"फट कुणी बुजवली?" त्यांनी विचारलं.

दादानं सगळं सांगितलं. गर्दीत काय बोललो तेही सांगितलं. त्याला रडू आवरेना. "चुकलो मास्तर. घरोघर जाऊन सांगतो. तुम्हीच पुन्हा बांधा हे इंजिन."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे धरले. बोटं थरथरत होती.

"तू म्हणालास तेव्हा गेला नव्हता रे हात. वर्षभर रिकामा बसला. आता गेला."

दादा खरोखरच घरोघर फिरला. हसायला पन्नास जण होते, ऐकून घ्यायला तिघे थांबले.

मित्रांनो, मला तेल नका देऊ, माझी धूळही नका पुसू. पण कुणाच्या हातचं काम कळलं नाही, तर चारचौघांत बोलण्याआधी त्यालाच जाऊन विचारा. मास्तरांचं घर दादाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं.