सर्वपित्रीचं उधाण

भाद्रपद अमावस्येच्या आदल्या दिवशी कल्पिता घरोघर फिरून आली. कुणीच नाही म्हटलं नाही, आणि तेच तिला खटकलं.

चिंचखारची सगळी भातशेती, म्हणजे खार, खाडीच्या भरतीपेक्षा खोल. मधे आहे तो फक्त मातीचा बांध. मोठं उधाण यायच्या आधी प्रत्येक घरातलं एक माणूस त्या बांधावर उतरतं, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवतं, खचलं असेल तिथं चिखल थापतं. या सामाईक कामाला गावात जोळ म्हणतात. जोळीची हाक द्यायचं काम तिच्या सासऱ्यांचं, रामचंद्रांचं. त्यांचे गुडघे गेल्यापासून ते सुनेकडे आलं होतं. एरवी हाक दिली की लोक कुरकुरायचे, भांडायचे, मागच्या खेपेला आम्हीच आलो होतो म्हणायचे. या वेळी सगळ्यांनी मान हलवली आणि दुसरीकडे पाहिलं. अंबाजीच्या बायकोने तिला चहाला बसवलं, पण कप हातात देईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. गणराज बंदरावर ट्रेलर चालवायचा, चार-चार दिवस घरी नसायचा.

"उद्या बांधावर जाव नको," तो म्हणाला.

"का?"

"बाबांना पन घरात ठेव. पितरांचं जेवन हाय म्हनून सांग."

"पितरं काय याच वर्षी आली? झालंय काय तुला?"

"सांगतंय तेवढं ऐक, कल्पिता." आणि फोन बंद झाला.

सकाळी बांधावर कुणीही नव्हतं. आभाळ उघडं होतं, वारा पडलेला. भात निसवलं होतं, दाणा अजून दुधात होता. एवढ्या मोठ्या खारीत कल्पिता एकटी घमेलं घेऊन चालत होती, आणि मागून सासरे काठी टेकत येत होते. घरात थांबा म्हटलं तर त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. बऱ्याच वेळाने शेजारची सोनूबाई आली. पदर कमरेला न खोवताच आली. काम करायला आलेल्या बाईसारखी ती दिसत नव्हती.

बांध ठीक होता. कल्पिता उघाडीपाशी पोचली आणि तिचे पाय जागीच थांबले.

उघाडी म्हणजे बांधातलं दगडी तोंड. ओहोटीला शेतातलं पाणी तिथून खाडीत सोडायचं आणि भरतीला खाचांत लाकडी फळ्या बसवून तोंड बंद करायचं. खाचा रिकाम्या होत्या. फळ्या कुठेच नव्हत्या, आजूबाजूच्या चिखलातही नाहीत. खाली खाडीचं पाणी हळूहळू उंबऱ्याच्या दगडापर्यंत चढत होतं.

"चोरल्या कुनी," ती म्हणाली.

कल्पिताने तिच्याकडे पाहिलं.

"सोनूबाय, तुला म्हाईत होतं?"

"सगल्यांना म्हाईत हाय," सोनूबाई खाली बघत म्हणाली. "तुमच्या घरात तेवढं सांगायचं नव्हतं. जमीन घेनारे म्हनतात, घेवू तर सगली खार घेवू. तुझा सासरा देत न्हाय. येकदा खारं पानी शिरलं की तीन वरसं भात व्हनार न्हाय, मंग तो पन देईल. तुझ्या चुलत दिरानं, निकेतनं ठरवलं. येकाच उधाणाचं पानी, म्हनाला. मंग फल्या परत लावू."

"आनि गणराज?"

कल्पिताला कालचा फोन आठवला. उत्तराची गरजच उरली नव्हती.

रामचंद्र दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काठी बांधावर ठेवली, दगडाला धरून एकेक पाय खाली टाकला आणि उघाडीच्या तोंडात उंबऱ्यावर जाऊन बसले. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं.

"बाबा, वर या!"

"फल्या आन, मंग येतो," ते म्हणाले. जेवायला बसल्यासारखा त्यांचा आवाज शांत होता.

सोनूबाईला त्यांच्यापाशी ठेवून कल्पिता धावली. निकेतच्या अंगणात पितरांच्या जेवणाची पंगत बसायची होती, केळीची पानं मांडून झाली होती, आणि गावातली अर्धीअधिक माणसं तिथेच होती. रोज एकमेकांशी तावातावाने बोलणारी ती माणसं खाली माना घालून बसली होती.

"फल्या दे, निकेत."

"वहिनी, गावानं ठरवलंय."

"बाबा उघाडीत बसलेत."

निकेतच्या हातातली वाटी खाली आली. मग अंबाजी उठला, त्याच्यामागे बाकीचे. फळ्या निकेतच्या गोठ्यात गवताखाली होत्या. चौघांनी त्या खांद्यावर घेतल्या आणि बांधाकडे पळत सुटले.

ते पोचेपर्यंत पाणी रामचंद्रांच्या छातीला लागलं होतं. एका हाताने त्यांनी खाच धरली होती. दुसरा हात बांधावर पालथी पडलेल्या सोनूबाईने धरला होता. निकेत आणि अंबाजीने उड्या मारल्या आणि त्यांना ओढून वर घेतलं. म्हाताऱ्याचे ओठ निळे पडले होते, पण डोळे उघाडीवर होते.

"लाव फल्या," ते म्हणाले.

पहिली फळी लावली, ती पाण्याने काडीसारखी फिरवून आत भातात फेकली. दुसरीला तिघे लटकले. ती अर्धी खाचेत शिरली आणि अडकली. मग पाणी बाजूने शिरू लागलं. दगडांच्या मागून आधी एक बारीक गढूळ धार आली. निकेत तिच्यावर चिखल थापत राहिला, दोन्ही हातांनी, वेड्यासारखा. बायका घमेली भरून देत होत्या. दगडांमागे काहीतरी पोकळ वाजल्यासारखं झालं, अंबाजी ओरडला, "मागं व्हा!" आणि उघाडीची एक बाजू बांधाच्या मोठ्या तुकड्यासकट आत कोसळली.

बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती. निसवलेलं भात पाण्याखाली आडवं होत गेलं. पाणी निकेतच्या शेतावर थांबलं नाही, अंबाजीच्याही नाही. ओहोटी लागेस्तोवर ते घरांमागच्या गोड्या तळ्याच्या काठाला जाऊन टेकलं.

"येकाच उधाणाचं, म्हनालो होतो मी," निकेत पुटपुटला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

कल्पिताने रिकामी पोती मागवली. ओहोटीत मिळतील तेवढे तास गाव खांडीत मातीची पोती टाकत राहिलं. पंगतीची पानं अंगणात तशीच वाळली. गणराज दिवस मावळताना आला, ट्रेलर हमरस्त्यावर सोडून. तो काहीतरी बोलणार होता. कल्पिताने त्याच्या हातात फावडं दिलं आणि त्याच्याकडे पाठ करून पुढचं पोतं उचललं.

अंधारायच्या सुमारास पोत्यांची ओळ गुडघ्याएवढी झाली होती. खांडीची कड अजून थोडी थोडी ढासळत होती, मातीचे गोळे पाण्यात पडल्याचा आवाज येत होता. गुराख्याने गुरं तळ्यावर आणली. पहिल्या म्हशीने पाण्याला तोंड लावलं, मान झटकली आणि मागे सरली. बाकीची गुरं काठावरच उभी राहिली. रामचंद्र घोंगडी पांघरून बांधावर बसले होते, घरी जायला तयार नव्हते. खाडीत पुन्हा चढू लागलेल्या पाण्याकडे बघत ते म्हणाले, "वलली भरती."