शेवटच्या रविवारचा समुद्र

मी टिपणिसांचा मास्क बोलतोय. पाण्यात बुडी मारताना डोळ्यांवर लावतात तो, काचेचा आणि काळ्या रबराचा. कुणी मोटारसायकलचा गॉगल समजलं की माझं डोकं फिरतं.

माझा जन्म जर्मनीतला. टिपणीस तिथे कंपनीतर्फे बॉयलरचं काम शिकायला गेले होते आणि सुट्टीत सिलिंडर पाठीला लावून बुडी मारायलाही शिकले. त्यांना लांबचं दिसत नाही, म्हणून त्यांच्या नंबरच्या काचा माझ्यात बसवल्या. परीक्षा झाली ती एका गढूळ तळ्यात. स्वतःचा हात दिसत नव्हता. पास झाल्याचं कार्ड टिपणिसांना मिळालं आणि मला पुण्यात कपाटावरची जागा. समुद्र मी पाहिलाच नव्हता.

मग १९८३ साली कंपनीने त्यांना मॉरिशसला धाडलं, तिथल्या फिनिक्स गावच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर बसवायला. पान्यांच्या शेजारी बॅगेत मला ठेवलं, तेव्हा वाटलं, उघडलं आपलं नशीब.

कारखान्याचे सुपरवायझर हरिलाल मराठीच निघाले. त्यांचे पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आलेले. महाराष्ट्रातून माणूस आलाय म्हटल्यावर त्यांच्या बायकोने, भगवतीबाईंनी, टिपणिसांना हॉटेलात राहूच दिलं नाही. रविवार तेवढा मोकळा असायचा. बुडी मारायला नेणारा भरवशाचा माणूस कोण, एवढंच टिपणिसांनी विचारलं, आणि सगळं घर कामाला लागलं. या घरात कुठलंही काम नात्यागोत्यातूनच व्हायचं. तिथेच माझं घोडं पेंड खायचं.

पहिल्या रविवारी आम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावी, भगवतीबाईंच्या मामेभावाकडे गेलो. समुद्राचा वास थेट पिशवीत येत होता. पण या भावाने, सगळ्यांच्या देवराजमामांनी, आधी पाट मांडले. टिपणीस घड्याळ बघायला लागले तर मामा म्हणाले, "जेवून घे आदी. लामेर कुटं पळून जातोय?" लामेर म्हणजे समुद्र. पुऱ्या झाल्या, कोंबडी झाली, खीर झाली. त्या पोटाने माणूस खाटेवरून उठत नाही, पाण्यात कुठला उतरणार. संध्याकाळी मामा लोखंडी सळई घेऊन आले, तेव्हा कळलं की ते श्वास रोखून ऑक्टोपस मारायला जातात. माणूस सोन्यासारखा, पण सिलिंडर त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

पुढच्या खेपेला कुणा भाच्याच्या ओळखीने एका मोठ्या हॉटेलात गेलो. तिथल्या साहेबाने टिपणिसांचं कार्ड पाहिलं, मान डोलावली आणि सांगितलं की इथे उतरलेल्या पाहुण्यांनाच नेतो. मग एक रविवार बॉयलरच्या गळक्या नळीने खाल्ला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय.

त्यानंतर उत्तरेच्या किनाऱ्यावर एक जण सापडला. हसतमुख. कार्ड बघायला मागितलं नाही, काही विचारलं नाही, चला म्हणाला. पण सिलिंडर भरायचं त्याचं यंत्र चालू ट्रकच्या धुराड्याशेजारी होतं. टिपणिसांनी तोटी उघडून हुंगलं. हवेला डिझेलचा वास. ते तसेच मागे फिरले. मी पिशवीत धुमसत होतो. शहाणपणाचासुद्धा राग येतो कधी कधी.

उरला शेवटचा रविवार. या खेपेला हरिलाल आणि भगवतीबाई दोघेही सोबत होते. त्याच किनाऱ्यावर थोडं पुढे मार्सेल नावाचा वयस्क माणूस भेटला, आणि हवा तसा भेटला. कार्ड नीट वाचलं, कानाला दडे बसतात का विचारलं, सिलिंडरची हवा आधी स्वतः हुंगली. मग टिपणिसांना कमरेएवढ्या पाण्यात बसवून मला काढायला आणि पुन्हा लावायला सांगितलं. तिथे मी समुद्र पाहिला. वाळू उन्हात हलत होती आणि बोटभर लांबीचा एक पिवळा मासा माझ्या काचेशी येऊन थांबला होता. एवढं स्वच्छ पाणी असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही वर आलो. मार्सेलने होडीकडे हात केला, पण आधी दुसऱ्या गिऱ्हाइकांना बसवू लागला. भगवतीबाईंचा जीव वरखाली झाला. आपल्या पाहुण्याचा नंबर आधी लागावा म्हणून त्या तिथल्या क्रिओल भाषेत आर्जवं करू लागल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मी सांगितलं त्याला, ह्याला आदी ने. ह्याचा आव्यों उद्याच हाय."

आव्यों म्हणजे विमान. मार्सेलचा हात तिथेच थांबला. त्याने टिपणिसांच्या पाठीवरचं सिलिंडर काढून घेतलं. हरिलालनी समजावलं ते असं, की खोल पाण्यात रक्तात हवा मुरते आणि लगेच उंच उडालं तर तिचे बुडबुडे होतात. त्यात माणूस लुळा पडतो, मरतोही. टिपणिसांनी पुन्हा विचारलं. मार्सेल फक्त "नों, मिस्ये" म्हणाला, म्हणजे नाही, साहेब.

हातातोंडाशी आलेला घास. तो डिझेलच्या हवेवाला हाकेच्या अंतरावर होता आणि त्याने काहीच विचारलं नसतं. टिपणीस त्या बाजूला बघत उभे राहिले. चला, दगडापेक्षा वीट मऊ, असं मी काचेतून ओरडत होतो. त्यांनी पायातल्या वल्ह्यांसारख्या चपला काढून वाळूत भिरकावल्या आणि गाडीत जाऊन बसले. मला त्यांचा संताप आला होता. त्यांनाही आला असावा.

दुसऱ्या दिवशी निघताना भगवतीबाईंचा चेहरा उतरलेला. आपल्यामुळे झालं हे त्यांच्या मनातून जाईना. "तुजं कायतरी ठेवून जा," त्या म्हणाल्या. "मंजी परत येशील." त्यांच्या घरची ती रीतच आहे. टिपणिसांनी बॅग उघडून मला त्यांच्या हातात दिलं.

आज सहा वर्षं झाली. मी काचेच्या कपाटात आहे. भगवतीबाई दर शनिवारी मला पुसतात. माझं रबर कडक झालंय, कडेला चिरा पडल्यात.

टिपणीस, कामाला येतो म्हणून का होईना, पण या. बॉयलर थांबेल, जेवणंही थांबतील, मी भगवतीबाईंना ओळखतो. शेवटचा रविवार तुम्ही हवा त्याला द्या. मला पहिला द्या.