सतरा नंबरची सरकी

हसू नका, मी पाटीच बोलतेय. सागाची फळी आणि वर काळी मखमल. अकोल्याच्या सरकारी कापूस-फार्मवर मला घडवले. सरकीवरचे तंतू फणीने विंचरून, तिच्या दोन्ही अंगांना पसरून माझ्यावर ठेवायचे आणि धाग्याची लांबी मोजायची. मी कधी खोटे माप दिले नाही. तरी माझ्याच मापाने एक वाण जिवानिशी गेला, याचा मला आजही संताप येतो.

विंचरायचे काम माणिकबाईचे. वेचणीलाही तीच, त्यामुळे कोणते बोंड कुठल्या तासातले, कुठल्या ओळीतले हे तिला तोंडपाठ. सतरा नंबरचे झाड तिनेच बरड जमिनीतून हेरले होते. आजूबाजूची झाडे पाण्यावाचून माना टाकत होती, तेव्हा ते एकटे बोंडांनी लगडले होते.

मोठे साहेब केशवराव. त्यांचा लाडका नऊ नंबर. तो त्यांनी नाल्याकाठच्या भारी काळ्या जमिनीत पेरला आणि सतरा पुन्हा बरडावर. मग दोघांची सरकी माझ्यावर मांडली. नऊ लांब भरला. सतराचे रक्तच हलके, असे साहेबांनी जाहीर केले.

माणिकबाईने फणी खाली ठेवली. "सायेब, नाल्याकाठी कोनतंबी बी लावा, धागा लांबच येते. बियाले काहून दोष देता?"

साहेबांनी तिला आपले काम बघायला सांगितले.

त्यांचे मदतनीस वामनराव आकडेमोडीचे नवे शास्त्र शिकून आले होते. त्यांनी शेताचे सहा पट्टे पाडले, प्रत्येकात दहा वाफे, चाचणीला निवडलेल्या दहा वाणांना एकेक. कोणता कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरवले. आधी जमिनीचा वाटा वेगळा काढायचा, मग उरेल त्यात बियाचा शोधायचा. ते म्हणत, लांबी एका गुणाची देणगी नसते. बियातले कितीतरी बारीक गुण थोडी थोडी भर घालतात, आणि वर माती-पाणी आपला हात फिरवते.

पीक आले, मी साठही वाफ्यांची मापे दिली. हिशेबाला तीन आठवडे लागणार होते. साहेबांना तेवढा धीर कुठला! कोठार रिकामे हवे म्हणून त्यांनी सतराची झाडून सगळी सरकी फार्मच्या बैलांपुढे ओतायला लावली. थांबा, थांबा म्हणत माणिकबाई पोत्यासमोर आडवी उभी राहिली. तिला बाजूला सारले.

निकाल लागला. सतरा पहिला, नऊ सातवा. साहेब खुशीत येऊन म्हणाले, सतराचे बी काढा, आपल्या नावाने नागपूरला पाठवू.

"तुमीच तं थे बैलाईले चारलं," माणिकबाई म्हणाली.

अहवालात साहेबांनी लिहिले, सतरा नंबर रोगाने गेला.

आता माझी मखमल झडली आहे, कपाटामागे पडून आहे. मोजायला अजून तयार आहे. पण कुणाचे रक्त हलके ठरवण्याआधी तो कुठल्या मातीत उभा होता, एवढे विचारा. सतराला कसलाही रोग नव्हता. त्याची शेवटची सरकी मीच मोजली. ती टपोरी होती, निरोगी होती.