चार दाढांचे आकडे

दिराच्या दवाखान्यात खुर्चीवर लेक आ वासून पडली होती आणि वहिनी तिच्या पायाशी उभी होती. दिराने पेनासारखं ते नवं लेझरचं यंत्र दाढेच्या खाचेत टेकवलं की लाल उजेड पडायचा, कुईं व्हायचं आणि त्याला जोडलेल्या डबीवर आकडा उमटायचा. सत्तावीस, एकतीस, चौतीस, सेहेचाळीस. तीसच्या वर गेलं की कीड समजायची, दीर म्हणाला, आणि सत्तावीस तरी कुठे लांब आहे? चारही कोरून भरून टाकू, तासाभरात मोकळी.

बारा वर्षांची पोर. दाढा पक्क्या, म्हणजे या जन्मात पुन्हा यायच्या नाहीत. वहिनी घाबरली, आणि घाबरली की तिला रडू येत नाही, राग येतो. हे सासरी सगळ्यांना चांगलंच ठाऊक होतं.

त्यात बाईचं कामच वजनकाटे तपासायचं. दुकानोदुकानी जायचं, काट्यावर सरकारी वजन ठेवायचं, आणि खोटा निघाला की तिथल्या तिथे काटा बंद करायचा. भलेभले आडदांड व्यापारी तिच्यापुढे गयावया करत. मग दीर कोण लागून गेला?

दिराने भुलीची सुई भरायला घेतली. वहिनी सरळ मध्ये येऊन उभी राहिली.

"भावजी, हे यंत्र नेमकं काय मोजतं?"

दीर हसला. पुतणीच्या दातांपायी वहिनीची उलटतपासणी, तीही स्वतःच्या दवाखान्यात! पण सांगितलं त्याने. किडीच्या जंतूंनी दातात जी घाण केलेली असते ती लाल उजेडात चमकते, यंत्र ती चमक मोजतं. वरून धडधाकट दिसणाऱ्या दाढेत आत काय चाललंय ते डोळ्याला कळत नाही, याला कळतं.

"आणि कीड सोडून आणखी काय चमकतं?"

दीर पुस्तिकेतलं पाठ म्हणावं तसं म्हणत गेला. डाग चमकतात, दातावरचं किटण चमकतं, जुनं भरलेलं सिमेंट कधीकधी चमकतं, पॉलिशची पेस्ट... आणि तिथे त्याची गाडी अडली. कारण पाचच मिनिटांपूर्वी त्याने पोरीचे दात पेस्ट लावून घासले होते आणि एक चूळ भरायला लावून लगेच मोजायला घेतले होते.

वहिनीने ते बरोबर हेरलं. काट्यावर आधीपासून काय बसलंय ते न बघता वजन सांगणारा दुकानदार तिने जन्मात सोडला नव्हता.

"धुवा," ती म्हणाली. "खाचा नीट धुवा, कोरड्या करा, मग मोजा. तोवर माझ्या लेकीला सुई लागणार नाही."

दिराच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दातांचा डॉक्टर मी आहे, तो म्हणाला. आहातच, वहिनी म्हणाली, पण पोर माझी आहे. आणि हलली नाही जागची. शेवटी त्याने मुकाट्याने पाण्याचा फवारा मारला, बारीक ब्रशने खाचा साफ केल्या, हवा मारून दाढा वाळवल्या, समोरच्या निरोगी दातावर यंत्र टेकवून शून्यावर आणलं आणि पुन्हा एकेक दाढ मोजली.

सहा. नऊ. आठ. चौथीला त्रेचाळीस.

वहिनीला आता लेकीला उचलून घरी न्यावंसं वाटत होतं. चौथी दाढ तर पांढरीशुभ्र दिसत होती, खोटं कशाला बोला. पण धुऊन मोजलेला आकडा मानायचा नाही तर इतका वेळ भांडलो कशाला? तरी एकट्या यंत्राच्या शब्दावर तिने सुईला हात लावू दिला नाही. फोटो काढा म्हणाली. एक्स-रेत त्याच दाढेच्या पोटात काळी सावली दिसली, तेव्हा तिने मान हलवली. दिराने दाढ उघडली. वरचं पांढरं कवच निघालं आणि आत भुसभुशीत तपकिरी खड्डा. आणखी वर्षभरात दाढ गेलीच असती.

"यंत्र चांगलं आहे, भावजी," वहिनी म्हणाली. जे खरं ते तिने कधी नाकारलं नाही. "तुम्ही त्याला चुकीचं विचारत होतात."

दाराशी जाऊबाई उभी होती. बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटांच्या वेळा देणारी, दिवसभर नवऱ्याच्या यंत्राचं कौतुक सांगणारी. तिने सगळं ऐकलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "यंत्र आणलंत त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या पोराला बसवलंत. त्याचे दात आधी घासले होते ना?"

दिराने हातमोजे काढले. मान खाली घातली.

"घासले होते."

"मग धुऊन मोजले होते?"

"नाही."

तिच्या लेकीच्या तीन दाढा वाचल्या होत्या. जाऊबाईच्या लेकाच्या तीन दाढा महिन्यापूर्वी कोरून भरून झाल्या होत्या, आणि त्या दिवशी तोंडातून एक शब्द न काढता शेजारी बसून त्याचा हात जाऊबाईनेच धरला होता.

"फोटोही काढला नव्हता," जाऊबाई म्हणाली. मग तिने बाहेरच्या टेबलावरची वेळांची वही उघडली, उरलेल्या दिवसभराच्या कोरायच्या दाढांवर एकेक काट मारली आणि आज येऊ नका सांगायला त्यातल्या पहिल्या पेशंटला फोन लावला.